सभागृहातला एक होकार

पानिपत शहरापासून सात-आठ किलोमीटरवर काला अंब आहे. १४ जानेवारी १७६१ रोजी सदाशिवरावभाऊंचे सैन्य आणि अहमदशाह अब्दाली यांच्यात जी लढाई झाली, तिच्या स्मृतीची ही जागा. ज्या आंब्यावरून तिला नाव पडले ते झाड केव्हाच वठून गेले. आता तिथे स्मृतिस्तंभ आहे. दरवर्षी संक्रांतीच्या सुमारास महाराष्ट्रातून माणसे इथे येतात. हरियाणातला रोड समाजही मोठ्या संख्येने जमतो. त्यांच्यातले अनेक जण स्वतःला पानिपतानंतर मागे राहिलेल्या मराठ्यांचे वंशज मानतात. येणाऱ्याच्या मनात इतिहास असतो, त्यामुळे या जमिनीच्या वर्तमानाकडे त्याचे लक्ष सहसा जात नाही. दिल्लीपासून ही जागा नव्वदेक किलोमीटर दूर, वेगळ्या राज्यात. तरीही सरकारी नकाशात ती ‘राष्ट्रीय राजधानी क्षेत्रा’त, म्हणजे बोलीतल्या एनसीआरमध्ये मोडते. अंतर पाहता हे कोडेच वाटते. त्याचे उत्तर हरियाणाच्या विधानसभेने चंडीगडमध्ये संमत केलेल्या एका ठरावात आहे. आमदार नावाच्या माणसाचे काम नेमके काय, हे समजून घ्यायला यापेक्षा चांगले उदाहरण शोधून सापडणार नाही.

जमीन, नगररचना, स्थानिक स्वराज्य हे विषय राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत राज्यांकडे दिलेले आहेत. दिल्लीवरचा लोंढा आवरायचा तर शेजारच्या राज्यांतल्या जमिनीच्या वापराचेही नियोजन हवे, हे केंद्राला कळत होते. पण तसा कायदा करण्याचा अधिकार संसदेला नव्हता. वाट घटनेच्या २५२व्या अनुच्छेदाने दिली. दोन किंवा अधिक राज्यांच्या विधिमंडळांनी ठराव करून संमती दिली, तर राज्यांच्या विषयावरही संसद त्या राज्यांपुरता कायदा करू शकते. हरियाणा, राजस्थान आणि उत्तर प्रदेश यांच्या विधिमंडळांनी असे ठराव केले आणि १९८५ मध्ये राष्ट्रीय राजधानी क्षेत्र नियोजन मंडळाचा कायदा झाला. पानिपत तेव्हा कर्नाल जिल्ह्यातली एक तहसील होती. ती या क्षेत्रात आली. याच अनुच्छेदाच्या दुसऱ्या भागात एक बारीक पण जड अट आहे. असा कायदा एकदा झाला की तो बदलण्याचा किंवा रद्द करण्याचा अधिकार संसदेकडे जातो. ज्या विधिमंडळाने होकार दिला, ते पुढे आपल्या कायद्याने त्याला हात लावू शकत नाही. म्हणजे त्या दिवशी सभागृहात ‘होय’ म्हणणाऱ्या आमदारांनी आपल्यानंतर येणाऱ्या प्रत्येक आमदाराचे हात त्या विषयापुरते बांधून ठेवले.

या होकाराची किंमत आणि फायदा दोन्ही आज पानिपतमध्ये मोजता येतात. नियोजन मंडळाकडून पाणीपुरवठा, रस्ते, वीज अशा कामांसाठी राज्यांना कर्जे मिळाली, हा फायदा. दुसऱ्या बाजूला दिल्लीच्या हवेसाठी केलेले निर्बंध इथल्या कारखान्यांना आणि गाड्यांना लागू झाले. दहा वर्षांवरची डिझेल आणि पंधरा वर्षांवरची पेट्रोल वाहने दिल्ली-एनसीआरमध्ये चालवू नयेत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिला. २०२१ मध्ये संसदेने हवेच्या गुणवत्तेसाठी स्वतंत्र आयोगाचा कायदा केला आणि त्या आयोगाच्या निर्देशाने १ जानेवारी २०२३ पासून एनसीआरमधल्या कारखान्यांना कोळसा जाळण्याची बंदी झाली. औष्णिक वीज केंद्रांना तेवढी सूट होती. पानिपत हे चादरी, सतरंज्या, पायपुसणी, कांबळी यांचे गाव. जगभरातून आलेले जुने लोकरी कपडे फाडून त्यांचे पुन्हा सूत काढण्याचा मोठा धंदा इथे आहे. रंगाई-धुलाईच्या बॉयलरला वाफ लागते आणि ती बहुतेक कोळशावर निघत असे. शंभर किलोमीटर उत्तरेकडच्या, एनसीआरबाहेरच्या कारखानदाराला जी बंदी नाही, ती पानिपतच्या कारखानदाराला आली. हवा स्वच्छ व्हायलाच हवी. प्रश्न तो नाही. प्रश्न असा की, ही रेषा आपल्या गावाच्या कोणत्या बाजूने जाते हे ठरवणाऱ्या निर्णयात आपल्या आमदाराचा वाटा होता, हे किती मतदारांना ठाऊक असते? पुढे हरियाणाच्या सरकारनेच आपले काही जिल्हे एनसीआरमधून वगळावेत, अशी मागणी लावून धरली. ती मागणी करायला त्याला केंद्राच्या आणि मंडळाच्या दारात जावे लागले, यातच सारे आले.

स्थानिक प्रश्न आणि राज्याचा प्रश्न असे दोन वेगळे कप्पे आपण मानतो. पहिल्या कप्प्यात गटार, रस्ता, डीपी, दवाखाना. दुसऱ्यात कायदे, धोरणे, भाषणे. आमदार पहिल्या कप्प्यात तत्पर असला की तो कामाचा, एवढ्यावर आपला निवाडा होतो. माझे म्हणणे असे की हे दोन कप्पे मुळात वेगळे नाहीत. मतदारसंघातली तक्रार ऐकून तिच्यामागचा नियम हुडकणे आणि तो नियम सभागृहात बदलणे, हेच आमदाराचे खास काम. तक्रार ऐकणारे सरपंच, नगरसेवक, तहसीलदार असे पुष्कळ असतात. नियमाला हात घालण्याचा अधिकार गावातल्या माणसांपैकी एकट्या आमदाराला असतो.

पाण्याचे उदाहरण घेतले तर हे अधिक स्पष्ट होते. पानिपतच्या रंगाई कारखान्यांचे सांडपाणी नाल्यांतून यमुनेकडे जाते. यमुनेत अमोनिया वाढला की खाली दिल्लीत वजिराबादचे जलशुद्धीकरण केंद्र अडचणीत येते आणि दोन्ही राज्यांची भांडणे सुरू होतात. या प्रश्नावरचा मूळ केंद्रीय कायदा १९७४चा. तोही २५२व्या अनुच्छेदाखालचा, कारण पाणी आणि सार्वजनिक आरोग्य हे राज्यांचे विषय. ज्या बारा राज्यांच्या विधिमंडळांनी ठराव करून संसदेला हा कायदा करू दिला, त्यांत हरियाणा होते. महाराष्ट्र नव्हते, कारण महाराष्ट्राच्या विधिमंडळाने १९६९ मध्येच स्वतःचा जलप्रदूषण प्रतिबंधक कायदा केला होता आणि त्याखाली १९७० मध्ये आपले मंडळही स्थापन केले होते. केंद्राचा कायदा महाराष्ट्राने १९८१ मध्ये स्वीकारला. एकाच रोगावर दोन विधिमंडळांनी दोन वाटा निवडल्या. एकाने स्वतः नियम लिहिला, दुसऱ्याने लिहिण्याचे काम संसदेवर सोपवले. महाराष्ट्राच्या नद्या त्यामुळे स्वच्छ राहिल्या असे कोणी म्हणणार नाही. पंचगंगा, मुळा-मुठा, गोदावरी यांच्याकडे पाहिले की तो भ्रम उतरतो. कायदा करणे हे आमदाराच्या कामाचे अर्धे अंग. केलेल्या कायद्याचे पुढे काय झाले, हे मंत्र्याला सभागृहात पुन:पुन्हा विचारत राहणे हे दुसरे अर्धे, आणि आपल्याकडे कमतरता असते ती याच अर्ध्याची.

नियमाला हात घालणे किती जोखमीचे असते हे हरियाणाच्याच आणखी एका कायद्यात दिसते. पंजाबप्रमाणे हरियाणातही भाताने भूजल उपसून टाकले. कडक उन्हात लावणी केली की पाणी अधिक लागते, म्हणून २००९ मध्ये राज्याने भूजल संरक्षणाचा कायदा केला. १५ मेपूर्वी भाताची रोपे टाकायची नाहीत आणि १५ जूनपूर्वी लावणी करायची नाही, असा तो नियम. विहिरी आणि बोअर आटत चालल्याची तक्रार प्रत्येक गावाची होती, म्हणून उपाय राज्याचा झाला, हे योग्यच. परंतु लावणी पुढे गेली तशी कापणीही पुढे गेली. भात काढणे आणि गहू पेरणे यांमधले दिवस कमी झाले, शेत झटपट मोकळे करायला खोडांना काडी लावण्याकडे कल वाढला आणि ही जाळपोळ नेमकी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, वारा मंदावतो त्या काळात येऊन पडली. दिल्लीच्या धुराला हे एकच कारण नाही, पण हा संबंध अभ्यासकांनी दाखवून दिला आहे. मग त्या हवेसाठी आयोग आला, आयोगाचे निर्देश आले आणि ते फिरून पानिपतच्या बॉयलरपर्यंत पोहोचले. म्हणजे शेताच्या पाण्यासाठी केलेला नियम हवेच्या वाटेने कारखान्यात उतरला. अशा कायद्यावर मत देताना आमदाराने आपल्या तालुक्यापलीकडे आणि चालू हंगामापलीकडे पाहिले पाहिजे. ते पाहण्यासाठीच चर्चा, समिती आणि तज्ज्ञांची साक्ष ही व्यवस्था असते.

यावर पहिला आक्षेप लगेच येतो. माणसाला आज रस्ता हवा आहे, आज आईला इस्पितळात खाट मिळवून द्यायची आहे. त्याला अनुच्छेद २५२ ऐकवून काय उपयोग? या आक्षेपात तथ्य आहे, तो झटकून टाकण्यासारखा नाही. जिथे कचेरीत ओळखीशिवाय कागद हलत नाही, तिथे आमदाराचा फोन ही गरिबाची एकमेव पत असते. परंतु आकडे पाहू. महाराष्ट्रात आमदाराला स्थानिक विकासासाठी वर्षाला पाच कोटी रुपये मिळतात. विधानसभेचे २८८ आणि विधान परिषदेचे ७८ असे सर्व ३६६ सदस्य धरले, तर ही रक्कम १,८३० कोटी होते. राज्याचा २०२५-२६चा अर्थसंकल्प सुमारे ७ लाख कोटींचा होता. शंभर रुपयांतले जेमतेम २६ पैसे आमदाराच्या शिफारशीने खर्च होतात. उरलेल्या ९९ रुपये ७४ पैशांवर त्याला सभागृहात बोलण्याचा हक्क असतो आणि विधानसभेच्या सदस्याला मत देण्याचाही. आपण त्याचा हिशेब २६ पैशांवर मागतो. फलकावर नाव त्या २६ पैशांच्या कामाचे लागते, म्हणून आमदारालाही तेच सोयीचे वाटते. खात्यांच्या मागण्या मात्र कैकदा पुरेशा चर्चेविना मंजूर होतात आणि त्याबद्दल त्याला गावात कोणी जाब विचारत नाही. शिवाय १९९२च्या ७३व्या आणि ७४व्या घटनादुरुस्तीने रस्ता-गटाराची कामे ग्रामपंचायती, जिल्हा परिषदा आणि नगरपालिका यांची मानली आहेत. आमदार तिथे हात घालतो तेव्हा सरपंचाचे काम हिरावतो आणि स्वतःचे काम मोकळे सोडतो. इस्पितळात एकाला खाट मिळवून देणे हे पुण्यच आहे. पण त्या इस्पितळात डॉक्टरांच्या किती जागा रिकाम्या आहेत, असा तारांकित प्रश्न विचारल्याने पुढच्या हजारांना खाट मिळू शकते.

एकटा आमदार काय करू शकतो याचे मराठी मुलखातले सर्वांत ठळक उदाहरण शंभर वर्षांपूर्वीचे आहे. सीताराम केशव बोले हे मुंबईचे, मंत्री नव्हते. ऑगस्ट १९२३ मध्ये मुंबई कायदे कौन्सिलात त्यांनी एक ठराव मांडला. सरकारी पैशांतून बांधलेल्या वा सांभाळलेल्या विहिरी, पाणवठे, धर्मशाळा, शाळा, दवाखाने, न्यायालये अस्पृश्यांना खुली असावीत, असा तो ठराव. तो संमत झाला, सरकारने आपल्या खात्यांना तशा सूचना दिल्या आणि महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे खुले करण्याचा ठराव केला. तळ्यावर मात्र कोणी जाऊ शकत नव्हते. बोल्यांनी १९२६ मध्ये पुन्हा ठराव आणला: ज्या नगरपालिका आणि लोकल बोर्डे हे मानत नाहीत, त्यांची सरकारी अनुदाने रोखा. कायदेमंडळातला हा पाठपुरावा होता. अखेर २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली माणसे चालत तळ्यावर गेली आणि पाणी प्यायली. सभागृहातल्या कागदाने तळे उघडले नाही, असे कोणी म्हणेल. खरेच आहे. पण महाडला गेलेली माणसे दयेची मागणी करायला गेली नव्हती. सरकारने आणि नगरपालिकेने मान्य केलेला हक्क बजावायला गेली होती. ते बळ त्यांना त्या कागदाने दिले. एका सदस्याचा अशासकीय ठराव मुंबईत संमत होतो, त्याचा आधार कुलाबा जिल्ह्यातल्या एका गावाला मिळतो आणि तिथून साऱ्या देशाच्या सामाजिक इतिहासाला वळण लागते. स्थानिक आणि सार्वत्रिक यांत भिंत नसते, याला आणखी पुरावा नको.

दुसरे उदाहरण वि. स. पागे यांचे. सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यातले विसापूर हा त्यांचा प्रदेश. १९६० ते १९७८ अशी अठरा वर्षे ते विधान परिषदेचे सभापती होते. हा भाग अवर्षणाचा. पाऊस चुकला की हाताला काम नाही आणि काम नाही म्हणून चूल नाही. दुष्काळ जाहीर होण्याची वाट का पाहावी, काम मागणाऱ्याला काम देण्याची जबाबदारीच सरकारने का घेऊ नये, ही त्यांची कल्पना. आपल्याच भागात लहान प्रमाणावर ती आजमावून पाहिली गेली आणि १९७२च्या मोठ्या दुष्काळात वसंतराव नाईकांच्या सरकारने रोजगार हमी योजना राज्यभर नेली. पुढची पायरी विधिमंडळाची होती. योजना मंत्र्याच्या मर्जीवर चालते, कायदा हक्क देतो. रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्ये संमत झाला आणि २६ जानेवारी १९७९पासून लागू झाला. पैसा कुठून येणार याचेही उत्तर सभागृहाने दिले: १९७५चा व्यवसाय कर. मुंबई-पुण्यातल्या नोकरदाराच्या पगारातून दरमहा कापली जाणारी छोटी रक्कम खडी फोडणाऱ्या बाईच्या मजुरीला जोडली गेली. २००५ मध्ये संसदेने देशासाठी ग्रामीण रोजगार हमीचा कायदा केला, तेव्हा महाराष्ट्राचा तीन दशकांचा अनुभव पुढ्यात होता. हजेरीपटावरची खोटी नावे, अर्धवट राहिलेले पाझर तलाव हे या योजनेचे डागही लपवण्याचे कारण नाही. तरीही एका तालुक्याच्या दुःखातून राज्याचा हक्क घडवणे म्हणजे काय, हे यातून शिकावे.

दुसरा आक्षेप अधिक कडवा आहे. बोल्यांच्या काळात पक्षादेश नव्हता. आज व्हिप निघाला की आमदाराला हात वर करण्यापलीकडे काम नसते, मग त्याच्या बुद्धीला विचारतो कोण? या बंधनाची कथाही हरियाणातूनच सुरू होते. १ नोव्हेंबर १९६६ला राज्य झाले, १९६७ मध्ये पहिली निवडणूक झाली आणि हसनपूरचे अपक्ष आमदार गया लाल यांनी पंधरवड्यात तीनदा पक्ष बदलला. ‘आया राम, गया राम’ ही म्हण तेव्हापासूनची. सरकार पडले, दुसरे आले आणि वर्षाच्या आत विधानसभाच बरखास्त झाली. या रोगावर विचार करायला केंद्राने जी समिती नेमली, तिचे अध्यक्ष गृहमंत्री यशवंतराव चव्हाण होते. १९६९च्या तिच्या अहवालातले आकडे आजही बोलके आहेत: पहिल्या ते चौथ्या सार्वत्रिक निवडणुकीपर्यंतच्या साऱ्या काळात ५४२ पक्षांतरे झाली होती, तर १९६७-६८च्या एकाच वर्षात ४३८, आणि राज्यांतल्या ज्या २१० आमदारांनी पक्ष सोडला, त्यांपैकी ११६ जणांना मंत्रिपदे मिळाली. पक्षांतर मताच्या आग्रहापोटी होत नव्हते, पदापोटी होत होते. उपाय यायला १९८५ साल उजाडले. ५२व्या घटनादुरुस्तीने दहावी अनुसूची आणली आणि पक्षादेशाविरुद्ध मत देणाऱ्याचे सदस्यत्व जाऊ लागले. फोडाफोडी त्यामुळे थांबली नाही, हे महाराष्ट्राने २०२२ आणि २०२३ मध्ये पाहिले. थांबले ते एकट्या आमदाराचे वेगळे मत.

तरीही व्हिप हा संपूर्ण बहाणा ठरत नाही. व्हिप मतदानाला लागतो. तारांकित प्रश्न विचारायला, लक्षवेधी सूचना द्यायला, अर्ध्या तासाची चर्चा मागायला, अशासकीय विधेयक मांडायला कोणत्याही पक्षाचा आदेश आडवा येत नाही. लोकलेखा समिती, अंदाज समिती, आश्वासन समिती, पंचायत राज समिती यांच्या बैठकांत सर्व पक्षांचे आमदार बसतात आणि सचिवांना समोर बोलावून कागद तपासतात. मंत्र्याने सभागृहात दिलेले वचन पाळले की नाही, हे पाहण्यासाठीच आश्वासन समिती असते. गावच्या रस्त्याचे आश्वासन मिळवणे हे भाषणाचे काम. ते वसूल करणे हे समितीचे. या कामाला टाळ्या नाहीत आणि कॅमेरेही नाहीत, म्हणून ते ओस पडते.

खरी अडचण वेळेची आहे. दोन अधिवेशनांत सहा महिन्यांहून अधिक अंतर नसावे, एवढेच घटनेचा १७४वा अनुच्छेद सांगतो. वर्षाला किमान किती दिवस बसावे हे तो सांगत नाही. परिणामी देशातल्या विधानसभा अलीकडे वर्षाकाठी सरासरी वीस-बावीस दिवस बसतात आणि जवळजवळ निम्मी विधेयके मांडल्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी संमत होतात. घाईला फळ कसे येते ते हरियाणाने पाहिले. महिना ५० हजार रुपयांपर्यंतच्या खासगी नोकऱ्यांत ७५ टक्के जागा राज्यातल्या उमेदवारांना, असा कायदा तिथल्या विधानसभेने २०२० मध्ये केला. १५ जानेवारी २०२२पासून तो ३० हजारांच्या मर्यादेने लागू झाला. गावोगावी तो लोकप्रिय होणारच होता. पानिपतच्या गिरण्या मात्र उत्तर प्रदेश-बिहारच्या मजुरांवर चालतात. देशातल्या नागरिकांत राज्यावरून असा भेद करता येतो का, हा प्रश्न पहिल्या दिवसापासून समोर होता. १७ नोव्हेंबर २०२३ रोजी पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयाने तो कायदा घटनाबाह्य ठरवला. बेरोजगारीचा प्रश्न खरा होता. पण तो सुटला नाही, कारखान्यांना अनिश्चितता आणि तरुणांना अपेक्षाभंग तेवढा मिळाला. लोकांची मागणी जशीच्या तशी कायद्यात उतरवणे म्हणजे प्रतिनिधित्व नव्हे. मागणीतला न्याय्य भाग टिकेल असा नियम घडवणे हे आमदाराकडून अपेक्षित असते.

मग काला अंबच्या स्मारकाचे काय? १४ जानेवारी २०२५ला महाराष्ट्राचे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस शौर्यदिनासाठी तिथे गेले आणि मार्च २०२५ मध्ये अर्थमंत्री अजित पवार यांनी अर्थसंकल्पात हरियाणाच्या सहकार्याने पानिपतला स्मारक उभारण्याची घोषणा केली. पराभवाचे स्मारक कशाला, असा सूर त्या अधिवेशनात निघाला. पराक्रमाचा मान हार-जितीवर ठरत नाही, हे सरकारचे उत्तर. मला दोन्ही बाजू अर्ध्या वाटेवर थांबल्यासारख्या वाटतात. संग्रहालये आणि राष्ट्रीय महत्त्वाची न ठरवलेली ऐतिहासिक स्थळे हा राज्य सूचीतला बारावा विषय आहे. पण काला अंबपुरता तो हरियाणाच्या विधानसभेचा. महाराष्ट्राच्या विधिमंडळाला तिथे विटेचाही अधिकार नाही, अधिकार आहे तो आपल्या तिजोरीतल्या पैशावर. म्हणून मुंबईतल्या आमदाराने विचारायचे ते असे: जागेची मालकी कोणाची राहणार, देखभालीचा खर्च दरवर्षी कोणत्या लेखाशीर्षाखाली पडणार, दोन राज्यांत लेखी करार झाला का, तिथे लिहिला जाणारा मजकूर इतिहासकार तपासणार की कंत्राटदार? चंडीगडमधल्या आमदाराने विचारायचे ते असे: येणाऱ्या लोकांसाठी रस्ता आणि पाणी कोण देणार, आसपासच्या शेतकऱ्याच्या जमिनीला काय भाव मिळणार? अस्मितेच्या प्रश्नावर भाषण करणे सोपे असते. त्याच प्रश्नाचा हिशेब मागणारा आमदार आपल्या लोकांच्या अभिमानाची अधिक काळजी घेतो, कारण हिशेबाविना सुरू झालेली स्मारके वर्षानुवर्षे पायाभरणीच्या दगडाशीच अडकून राहतात.

शेवटचा आक्षेप मतदारावरच आहे: असे काम करणाऱ्याला तुम्ही निवडून देता का? रात्री-अपरात्री लग्नाला, दहाव्याला हजर राहणारा निवडून येतो आणि समितीत कागद वाचणारा पडतो, हे कटू सत्य आहे. पण ते अटळ नाही. विधिमंडळाचे कामकाज छापले जाते. कोणी काय विचारले, कोणत्या विधेयकावर कोण बोलले, याची नोंद राहते. तालुक्याच्या पत्रकाराने अधिवेशन संपल्यावर ही नोंद चार परिच्छेदांत छापली, ग्रामसभेत ती वाचली गेली, महाविद्यालयातल्या मुलांनी प्रचारसभेत त्यावर प्रश्न विचारले, तर उमेदवाराच्या वागण्यात फरक पडल्यावाचून राहणार नाही. ज्याची मोजदाद होते, तेच काम राजकारणी करतो. मते मागायला येणाऱ्याला रस्त्याबद्दल जरूर विचारावे. सोबत एवढेही विचारावे की, गेल्या पाच वर्षांत सभागृहात तुम्ही कशाकशाला ‘होय’ म्हणालात, आणि का? रस्ता पुढच्या पावसात उखडेल तेव्हा नवा मागता येईल. सभागृहातला होकार परत मागता येतोच असे नाही.